भिलाईच्या दिशेचं भूत

मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. पुण्याचे व्याही, म्हणजे तेव्हा अजून व्हायचे होते, भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या आमच्या घरी आले होते. पोहे झाले, चहा झाला. मुलामुलीची पसंती तर आमच्या नकळत मोबाइलवर कधीच उरकली होती. राहिला होता फक्त मोठ्यांचा होकार. व्याह्यांनी कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि विचारलं, "मग बोरकरसाहेब, पक्कं समजायचं ना?"

मी खुर्चीत ताठ बसून, खणखणीत आवाजात म्हणालो, "स्टँडबाय."

आमच्या धंद्यात याचा अर्थ इतकाच, की तुमचं ऐकलं, जरा थांबा, सांगतो. मला स्वयंपाकघराच्या दारातून सुनंदा, म्हणजे आमच्या सौ., नारळाच्या ताटाबद्दल खुणा करत होती, आणि ती खूण वाचून होईपर्यंत मला दोन क्षण हवे होते. पण व्याह्यांचा चेहरा असा पडला, की जणू त्यांच्या मुलाला आम्ही वेटिंग लिस्टमध्ये टाकलं. शेवटी सुनंदाच बाहेर आली. म्हणाली, "अवो, थे विमान नोहे, माणूस आहे. उतरू द्या त्याइले." सगळे हसले आणि लग्न ठरलं.

मी हवाई वाहतूक नियंत्रक आहे. नातेवाइकांत याचा अर्थ 'विमानतळावर काहीतरी' असा होतो. माझा एक चुलतभाऊ अजूनही लोकांना सांगतो, की मी झेंडे दाखवतो. वडील भिलाईच्या स्टील प्लांटात होते, तिथल्याच खुर्सीपार वस्तीत आम्ही वाढलो. घरात लोखंडाची भाषा. तिथून मी हवेच्या धंद्यात गेलो, याचं वडिलांना शेवटपर्यंत आश्चर्य वाटलं. "दिवसभर करतोस काय?" असं विचारायचे. मी म्हणायचो, "विमानं एकमेकांवर आपटू देत नाही." ते म्हणायचे, "मंग आजवर किती आपटली?" मी म्हणायचो, "एकही नाही." ते म्हणायचे, "मंग तुझं कामच काय?"

प्रश्न चोख होता. आमचं काम नीट झालं की काहीच होत नाही.

विमानतळाचं नाव लिहीत नाही. भिलाईतून रोज जा-ये करता येईल इतकंच ते लांब आहे, एवढं पुरे. तिथे एका थंडगार, अंधुक खोलीत आम्ही पडद्यासमोर बसतो. पडद्यावर ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे एक विमान. ठिपक्याशेजारी छोटी पाटी असते, तीत विमानाचं नाव आणि उंची. कानात पायलटचा आवाज. दोन विमानं एकाच जागेवरून जाणार असतील तर त्यांच्यात वरखाली हजार फुटांचं अंतर ठेवायचं. बाकी सगळं या हजार फुटांभोवतीचा पसारा.

पाटीवर नाव कुठून येतं? रडार म्हणजे शाळेतला हजेरी घेणारा मास्तर समजा. तो गोल फिरत विचारतो, "कोण?" प्रत्येक विमान आपला चार आकडी नंबर सांगतं. तो नंबर आधीच कॉम्प्युटरनं त्याला वाटून दिलेला असतो. नंबर जुळला की कॉम्प्युटर ठिपक्याला पाटी चिकटवतो. झालं. आता एकाच वर्गात एकाच नंबरची दोन पोरं बसली तर मास्तरचं काय होईल, ते पुढे येईलच.

नवी कॉम्प्युटर यंत्रणा आली तेव्हा आम्हाला सांगितलं होतं, की आता तुम्ही फक्त बघायचं. तिनं पहिल्याच आठवड्यात आम्हाला बघायला लावलं खरं. एक विमान संध्याकाळी उतरलं, प्रवासी घरी गेले, पायलट हॉटेलात जेवून झोपलाही, पण कॉम्प्युटरच्या मते ते अजून उडतच होतं. दर थोड्या वेळानं पडद्यावर विचारणा यायची, की हे विमान पुढच्या केंद्राला सोपवू का? आम्ही 'नाही' दाबायचो. पुन्हा यायची. माझा जोडीदार साहू, गरियाबंदकडचा, स्वभावानं मिश्कील, तो हात जोडून पडद्याला म्हणायचा, "उतर जा भाई, तोर महतारी रस्ता देखत हे." म्हणजे, बाबा रे, तुझी आई वाट बघतेय. शेवटी मशीनवाल्यांनी सगळी यंत्रणा बंद करून चालू केली तेव्हा ते बिचारं उतरलं.

पण भिलाईच्या भुताची गोष्ट वेगळी.

डोंगरासमोर उभं राहून ओरडलं की आवाज डोंगरातून आल्यासारखा वाटतो ना, तसं रडारचंही होतं. मोठं उंच लोखंडी बांधकाम असलं की विमानाचं उत्तर त्याच्यावर आपटून येतं, आणि विमान असतं एकीकडे, ठिपका उमटतो दुसरीकडे. आमच्या पडद्यावर असे खोटे ठिपके नेहमी पश्चिमेला यायचे, भिलाईच्या दिशेला. प्लांटाच्या चिमण्या, अजस्र शेड, त्यांचाच हा प्रताप, असं मशीनवाले सांगायचे. ठिपका यायचा, दोनतीन फेऱ्या दिसायचा, नाहीसा व्हायचा. आम्ही त्याला भूत म्हणायचो. आणि भिलाईचा माणूस खोलीत मी एकटा, म्हणून भूत माझं. ठिपका उमटला की साहू ओरडायचा, "बोरकरजी, आपके मायके से कोई आया है।"

भुतांचा कंटाळा आला. आम्ही सगळ्यांनी मिळून तक्रारी केल्या, त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा. मग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीनं एक चाळणी घातली. नियम सोपा होता. एकाच नंबरचे दोन ठिपके दिसले, आणि त्यातला एक भिलाईच्या दिशेला, लांब असला, तर तो लांबचा खोटा. पुसून टाका. भुतं गेली. पश्चिम दिशा लख्ख झाली. आमचा मशीनचा इंजिनिअर मेश्राम, मूळचा भंडाऱ्याचा, मला म्हणाला, "घ्या भाऊ, तुमच्या गावचा कचरा साफ करून देल्ला." मी त्याला समोसा खाऊ घातला.

मुलीचे दिवस भरत आले तशी सुनंदा पुण्याला निघाली. विमानात एकटी बसायची तिची पहिलीच वेळ. हुडकोतून निघताना डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर. मी म्हणालो, "सामानात टाक." म्हणाली, "तुमच्या लोकाइवर माझा भरोसा नाही. सामान कुठी जाते अन् माणूस कुठी." माझी दुपारची ड्यूटी होती. तिला आत सोडलं आणि मी वर पडद्यासमोर जाऊन बसलो. साहू शेजारी मदतनिसाच्या खुर्चीत होता. फोन घेणं, येणाऱ्या विमानांची खबर मला देणं हे त्याचं काम.

थोड्या वेळानं शेजारच्या केंद्राचा फोन आला. पश्चिमेकडून एक छोटं विमान येत होतं, एअर अँब्युलन्स. भिलाईतल्या एका पेशंटला मोठ्या शहरात न्यायला. नऊ हजार फुटांपर्यंत उतरायची परवानगी त्याला शेजारच्यांनी दिली होती. पायलट थोड्या वेळात माझ्याशी बोलेल, असं सांगितलं. साहूनं मला सांगितलं, मी मान डोलवली. पडद्यावर त्या नावाची पाटी कुठे नव्हती. अजून लांब असणार.

पुण्याचं विमान धावपट्टीच्या टोकाशी उभं होतं. आणि तेवढ्यात पश्चिमेला, भिलाईला लागून असलेल्या दुर्गच्याही पलीकडे, एक ठिपका दिसला. त्याच्या पाटीवर नाव होतं पुण्याच्या विमानाचं.

साहूनं टाळीच वाजवली. "बोरकरजी! भाभीजी तो उड़ने से पहले ही पहुँच रही हैं।"

"भूत आहे," मी म्हणालो. "चाळणी झोपली वाटतं."

आम्ही दोघंही हसलो. बरोबरच होतं ना. विमान खाली जमिनीवर उभं, खोलीबाहेर जाऊन आम्ही ते खिडकीतून बघू शकलो असतो. मग पश्चिमेला दिसतं ते खोटंच. आम्ही वर्षानुवर्षं हेच करत आलो होतो. भिलाईकडे काही दिसलं, की भूत म्हणायचं आणि चहा मागवायचा.

पुण्याचं विमान उडालं. त्याचा ठिपका विमानतळाजवळ उमटला, पाटी चिकटली, आणि त्याच फेरीत पश्चिमेचा ठिपका पुसला गेला.

"लो, जाग गया फ़िल्टर," साहू म्हणाला.

विमान पश्चिमेला वळलं. पायलटनं माझ्याशी बोलायला सुरुवात केली. समोरची दिशा लख्ख होती, एक ठिपका नाही. मी त्याला वरपर्यंत चढायची मोकळी परवानगी दिली. सुनंदाला पहिल्यांदा असं उचलून देताना मला, खोटं कशाला बोलू, छान वाटत होतं. घरात माझं कुणी ऐकत नाही, पण इथे मी 'चढा' म्हटलं की सुनंदा लाडवांसकट चढत होती.

आणि मग कानात नवा आवाज आला. अँब्युलन्सचा पायलट. आधी चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर हाका मारत होतो, माफ करा, असं म्हणाला. पुढे म्हणाला, नऊ हजारांवर येत आहे, स्टील प्लांट समोर दिसतो आहे.

मी पडद्यावर प्लांटाकडे बघितलं. तिथे काही नव्हतं.

माणसाचं डोकं कसं चालतं बघा. पहिला विचार आला, की हा पायलट चुकतोय, दुसरंच काही तरी बघून प्लांट म्हणतोय. आपल्या डोळ्यांवर, म्हणजे पडद्यावर, इतका विश्वास. पण भिलाईचा प्लांट वरून दिसतो तसं दुसरं काही या मुलखात नाही. तो चुकत नव्हता. मग दुसरा विचार आला. मघाशी तिथे एक ठिपका होता. आम्ही त्याला हसलो होतो.

सुनंदाचं विमान सात हजार ओलांडत होतं आणि सरळ तिकडेच चाललं होतं.

मी बटण दाबलं. "चढणं थांबवा. आठ हजारांवर राहा. समोरून विमान आहे, नऊ हजारांवर."

उत्तर आलं नाही. आली एक लांबलचक शिट्टी.

रेडिओवर दोघं एकाच वेळी बोलले की दोघांचंही ऐकू येत नाही, फक्त अशी कर्कश शिट्टी येते. कुणीतरी तिसरा, त्याच क्षणी, आपली चौकशी करत होता. माझं बोलणं पुण्याच्या पायलटला पोहोचलं की नाही? त्याचं उत्तर शिट्टीत दबलं, की त्यानं उत्तर दिलंच नाही? पाटीवरचा आकडा चढत होता. सात हजार तीनशे. सात हजार पाचशे.

प्रवासी विमानात एक यंत्र असतं, समोर दुसरं विमान फार जवळ आलं की तेच पायलटला ओरडून सांगतं. ते आहे हे मला माहीत होतं. पण नियंत्रक त्याच्या भरवशावर बसत नाही. आंधळ्यानं काठी टाकून द्यायची आणि म्हणायचं भिंत लागेलच, त्यातली गत.

मी पुन्हा बोललो. या वेळी आधी सगळ्यांना गप्प केलं, मग विमानाचं नाव घेऊन, एकेक शब्द सुटा. माझा आवाज टेपवर नंतर मी ऐकला. शांत होता. चेहरा कसा होता ते कुणी बघितलं नाही. साहू माझ्याकडे न बघता फक्त पडद्याकडे बघत होता आणि त्याचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता.

सात हजार आठशे.

"आठ हजार, थांबतो," पुण्याचा पायलट म्हणाला. साधा, किंचित वैतागलेला आवाज. मला आजवर कुणाचा वैताग इतका गोड लागलेला नाही. आकडा आठ हजारांवर गेला, पन्नासेक फूट वर सरकला, परत आठ हजारांवर आला आणि तिथे थांबला.

आता अँब्युलन्स. तिला सांगितलं, नऊ हजारांखाली एक फूट येऊ नका. तिनं ऐकलं. पण ती कुठे आहे, ते मला दिसत नव्हतं. एक विमान मला दिसत होतं, त्यात माझी बायको होती. दुसरं कुठेतरी तिच्या समोर, तिच्या वर, माझ्या पडद्यावरच्या कोऱ्या जागेत होतं. मी फक्त दोघांच्या तोंडी शब्दांवर बसलो होतो, रडार नव्हतं त्या काळी लोक बसायचे तसा. जुने लोक म्हणायचे, पडदा गेला तरी कान ठेवा. तेव्हा आम्ही ते म्हातारपणाचं बोलणं समजायचो.

मग पुण्याचा पायलट म्हणाला, "दिसलं. छोटं विमान. आमच्या वरून चाललंय." जरा थांबून म्हणाला, "गेलं."

अँब्युलन्सनंही तेच सांगितलं. मग मी पुण्याच्या विमानाला वर सोडलं. साहूनं खुर्चीवरचा हात काढला तेव्हा रेक्झिनवर घामाचा पंजा उमटला होता.

असा प्रसंग झाला की नियंत्रकाला लगेच खुर्चीवरून उठवतात, हा नियमच आहे. दुसऱ्यानं जागा घेतली. मी विश्रांतीच्या खोलीत जाऊन बसलो. चहा आला.

मेश्राम धापा टाकत आला. त्यानं उलगडा केला. अँब्युलन्सचं उड्डाण सकाळी एकदा रद्द होऊन पुन्हा ठरलं होतं. आमच्या कॉम्प्युटरनं रद्द झालेलं तेवढं लक्षात ठेवलं, तिचा नंबर मोकळा समजला आणि पुण्याच्या विमानाला देऊन टाकला. पण अँब्युलन्सकडे तो नंबर होताच. एका नंबराचे दोन ठिपके झाले. आणि आमच्या चाळणीनं, तिला शिकवलं होतं तसं, भिलाईच्या दिशेचा लांबचा पुसला.

"म्हंजे दोन्ही प्रोग्राम आपापल्या जागी बरोबर?" मी विचारलं.

"एकदम बरोबर, भाऊ," मेश्राम म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "मीच चालू केलती ना थे चाळणी. तुमी समोसा खिलवला होता."

"समोसा माझा होता," मी म्हणालो. "अर्धं पाप माझं."

चाळणी बंद झाली. मी दारातून बघितलं, तर पश्चिमेला दोन भुतं आलीसुद्धा. कुणी हसलं नाही. माझ्या जागेवर बसलेल्या पोरीनं दोन्ही भुतांना हाक मारून खात्री केली, की ती भुतंच आहेत.

संध्याकाळी सुनंदाचा पुण्याहून फोन आला. खुशीत होती. "अवो, आमचं विमान लय वेळ खालीच होतं. वर जाऊनच नाही राहिलं. मले तर बरंच वाटलं. प्लांट दिसला, चिमण्या दिसल्या, सगळी भिलाई ताटात वाढल्यासारखी. अन् वरून एक पांढरं, छोटंसं विमान गेलं. बाजूच्या बाईनं त्याचा फोटो काढला."

"जवळून गेलं?"

"मले काय समजते जवळ का दूर? सुंदर होतं. तुमी असे सुंदर सुंदर विमानं पाहता अन् घरी कधी सांगत नाही."

मी लाडवांची चौकशी केली.

चौकशी झाली. नंबर वाटण्याचा दोष सापडला, दुरुस्त झाला. मला दोषी धरलं नाही. पुन्हा पडद्यावर बसायची परवानगी मिळाली. मी बसलो, पण माझं मन बसेना. पश्चिमेकडे कुणी दिसलं नाही की वाटायचं, तिथे कुणीतरी आहे. एकेका विमानाला मी इतक्या वेळा विचारायचो, की एका पायलटनं शेवटी मलाच विचारलं, सर, सगळं ठीक ना? मी ट्रेनिंग विभागात टेबलाची जागा मागायचं ठरवलं. पन्नाशी ओलांडली होती, तोंडदेखलं कारण तयार होतं. गुडघे. गुडघ्यांचा आणि रडारचा काय संबंध, हे कुणी विचारलं नसतं.

सुनंदा नातवाचं बारसं करून परतली. तिला स्टेशनवरून आणलं. हो, स्टेशनवरून. येताना तिला मीच रेल्वेनं बोलावलं होतं, सामान फार आहे असं सांगून. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात ती तांदूळ निवडत बसली होती, आणि मी सगळं सांगून टाकलं. भूत, नंबर, शिट्टी, आठ हजार. ते सुंदर पांढरं विमान कोणतं होतं, तेही. आणि शेवटी गुडघ्यांचं.

तिचे हात थांबले. मी म्हणालो, "म्हणून म्हणतो, आता बस झालं."

"हं," ती म्हणाली. मग सूप झटकलं. "उद्या कायची ड्यूटी आहे तुमची?"

"सकाळची. पण मी फोन करून सुट्टी—"

"सुट्टी-फुट्टी काई नाही. चूपचाप जा," ती म्हणाली. "उद्या बी कोनाची तरी बायको बसलीच असन ना विमानात."